लहान गिअरने मोठा गिअर फिरवला की ताकद कशी काय वाढते?

तुम्ही विचारलंय की लहान गिअर मोठ्याला फिरवतो तेव्हा वेग कमी होतो हे डोळ्याला दिसतं, पण ताकद वाढते म्हणतात ती येते कुठून. मी कोल्हापुरात उद्यमनगरात गिअर कटिंगचं काम करतो, आमच्याकडं आयटीआयची पोरं शिकायला येतात तीसुद्धा हमखास हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेगाचं आधी उरकू. समजा लहान गिअरला 15 दाते आहेत (त्याला पिनियन म्हणतात) आणि मोठ्याला 60. दात्यात दाता अडकलाय, घसरायला जागाच नाही, म्हणजे लहान्याचे जेवढे दाते पुढं सरकले तेवढेच मोठ्याचे सरकणार. लहान्याचे चार फेरे झाले की मोठ्याचा एक.

आता ताकद. दोन दाते जिथं टेकतात फक्त तेवढ्याच जागेकडं बघा, तिथं लहान्याने मोठ्याला 100 न्यूटनने ढकललं तर मोठाही त्याला उलटा तेवढाच रेटतो, न्यूटनचा तिसरा नियम, तिथं काहीच वाढलेलं नाही. पण आपण ज्याला ताकद म्हणतो ती इथं टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि टॉर्क म्हणजे बल गुणिले मध्यापासूनचं अंतर. लहान्याची त्रिज्या 3 सेंमी असली तर टॉर्क 3 न्यूटन मीटर, मोठ्याची 12 सेंमी म्हणजे 12 न्यूटन मीटर. जोर तोच, नुसतं अंतर वाढलं, पान्याला पाइप घालून घट्ट बसलेला नट सोडवतात तसं. आणि फुकट काही मिळत नाही, टॉर्क चौपट झाला तर फेरे पाव झाले, दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर, ती तेवढीच राहते, उलट घर्षणात थोडी जातेच.

रसवंतीचं मशीन घ्या. 1 एचपीची मोटर मिनिटाला साधारण 1440 फेरे मारते, पण तिचा टॉर्क जेमतेम 5 न्यूटन मीटर, ती थेट रोलरला जोडली तर पहिल्याच कांड्याला जाम होईल. मधे 4:1 आणि मग 5:1 असे दोन टप्पे टाकले तर एकूण 20 पट, रोलर 72 फेऱ्यांवर येतो आणि टॉर्क जातो 100 च्या आसपास, मग कसलाही ऊस घाला.

अजून एक गोष्ट, पिनियनचा प्रत्येक दाता मोठ्याच्या दात्यापेक्षा चौपट वेळा कामाला लागतो, म्हणून तो लवकर झिजतो, म्हणून पिनियन मुद्दाम जास्त कडक करतात.

आणि परीक्षेत दोन गिअरच्या मधे तिसरा घालून गणित देतात त्याला घाबरू नका. त्या मधल्याचे दाते कितीही असोत, शेवटच्या गिअरचा वेग आणि टॉर्क त्याने बदलत नाही (घर्षण सोडलं तर), फक्त शेवटचा गिअर फिरण्याची दिशा उलटी होते.