गिर्येचा कोळशावरचा वीजप्रकल्प लोकांनी हाकलला, की सरकारनेच सोडून दिला?

तुम्ही विचारलंय की देवगड तालुक्यातला गिर्येचा ४००० मेगावॅटचा प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे गेला, की तो परवडणाराच नव्हता. आणि झाला असता तर कोकणाचं भलं झालं असतं का. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. बाबांची हापूसची कलमं आहेत आणि जमिनीचा एक तुकडा गिर्येच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. मी कुठे उभी राहून बोलतेय ते आधीच सांगितलेलं बरं.

२००५-०६ च्या सुमारास केंद्र सरकारने अल्ट्रा मेगा वीजप्रकल्पांची योजना आणली. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनने प्रत्येक प्रकल्पासाठी एक कंपनी काढायची, तिच्या नावाने जमीन आणि परवानग्या गोळा करायच्या, आणि जो उद्योग सगळ्यात स्वस्त वीज देईल त्याच्याकडे ती कंपनी सोपवायची. महाराष्ट्रासाठी 'कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर' निघाली आणि विजयदुर्गाजवळचं गिर्ये ठरलं. कोळसा परदेशातून जहाजाने येणार, म्हणून किनारा हवा होता. गिर्येत विरोध झाल्यावर त्याच तालुक्यातल्या मुणग्याचं नाव पुढे आलं. तिथेही लोक उभे राहिले.

नकाशात सडा पडीक दिसतो. पावसाळा संपला की काळा कातळ आणि वाळलेलं गवत, बाकी काही नाही. पण देवगडचं अर्धं वैभव याच कातळावर उभं आहे. सुरुंग लावून खड्डा फोडायचा, दुसरीकडून माती आणून भरायची, त्यात कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं उन्हाळाभर घागरीने पाणी घालायचं. पाच-सहा वर्षांनी कुठे हाताला फळ लागतं. अशा जमिनीला कुणी पडीक म्हटलं की अजूनही माझ्या पोटात ढवळतं.

आमचं सगळं वर्ष मोहोरावर अवलंबून. दोन दिवस मळभ आलं की मोहोरावर तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग, फवारणीचा खर्च दुप्पट. तिथे वर्षाला एक कोटी टनाहून जास्त कोळसा जाळणारं केंद्र येणार, तर लोक घाबरणार नाहीत? भीती हवेतली नव्हती. उत्तर प्रदेशात वीटभट्ट्यांजवळच्या बागांत आंब्याचं टोक काळं पडून कुजतं, हे शेतीशास्त्रात जुनं आणि मान्य झालेलं आहे. ते होतं कोळशाच्या धुरातल्या वायूंमुळे. आता वीटभट्टीचं धुराडं बुटकं आणि वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटरची, तेव्हा दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही, हे मीही मानते. गावातल्या एका बैठकीत माहिती द्यायला आलेल्या साहेबांनी हेच समजावलं, की धूर उंच निघून जातो. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "वर गेलेलो धूर मगे खाली खय उतारतलो, ता सांगा." त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं नाही. मच्छीमारांचा प्रश्न वेगळा होता: यंत्रं थंड करून गरम झालेलं पाणी समुद्रात परत सोडणार, मग किनाऱ्याजवळची मासळी टिकेल का?

म्हणजे विरोध होता, आणि तो खराखुरा होता. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्याच थांबवल्या, त्याचाही परिणाम झाला. पण एवढ्यावर उत्तर संपवलं तर ते अर्धं राहील.

उरलेलं अर्धं इंडोनेशियात आहे. याच योजनेतलं गुजरातचं मुंद्रा केंद्र टाटा पॉवरने युनिटला २ रुपये २६ पैसे दराने घेतलं आणि बांधलंही. त्याचा कोळसा इंडोनेशियातून यायचा. मग इंडोनेशियाने कोळशाची निर्यात बाजारभावानेच करायचा नियम केला, २०११ पासून जुन्या करारांनाही तो लागू झाला, आणि मुंद्रा तोट्यात गेलं. जादा दर मागायला कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशातला कोळसा महागला एवढ्या कारणावर भरपाई नाकारली. याच योजनेतल्या, आंध्रातल्या कृष्णपट्टणमचं काम रिलायन्स पॉवरने २०११ मध्येच थांबवलं. तमिळनाडूतलं चेय्यूर उभंच राहिलं नाही. किनाऱ्यावरच्या या प्रकल्पांपैकी मुंद्रा तेवढं बांधून झालं. माझं मत असं की लोकांनी गिर्ये अडवून धरलं, आणि तेवढ्या काळात कोळशाच्या भावाने त्याचा निकाल लावला. नुसता विरोध पुरला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

भलं झालं असतं का? जे हिशेब मुंद्र्याला जमले नाहीत ते गिर्येला कसे जमले असते, मला दिसत नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. आमच्या घरात दिवा लागतो तो विदर्भातल्या चंद्रपूर-कोराडीच्या कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांवरही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटून राखेचा चिखल शेतांत आणि ओढ्या-नद्यांत गेला. ती बातमी बघताना आई जेवता जेवता थांबली होती.

तुम्ही तिथे जमीन घ्यायचा विचार करताय असं लिहिलंय, म्हणून हेही सांगते. प्रकल्प न होताही आमची वर्षं गेली. त्या तुकड्यावर बाबा कलमं लावणार होते. सुरुंगवाल्याशी बोलणंही झालं होतं. जमीन जाणार की राहणार ते कळेना, म्हणून थांबले. कोळशाचं नाव मागे पडलं, तर २०१७ मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या अधिसूचनेत गिर्ये आणि रामेश्वर ही आमच्या तालुक्यातली दोन गावं आली. ती अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. त्याच पावसाळ्याआधी बाबांनी खड्डे फोडून घेतले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. चाळीस कलमं लावली, त्यातली छत्तीस जगली.