रोज सकाळी योग करूनही दिवसभर चिडचिड होते, काय करावं?

तुम्ही विचारलंय की सकाळी अर्धा तास आसनं आणि ध्यान करता, तेवढा वेळ छान वाटतं, पण कामावर कुणी जरा टोचून बोललं की सगळं मुसळ केरात. मग हा अर्धा तास वाढवून तासभर करावा का?

माझं मत विचाराल तर नको. सकाळच्या बैठकीतून दिवसभर पुरेल एवढी शांतता मिळते ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. सकाळचा वेळ म्हणजे रियाज. मैफल पुढे दिवसभर असते आणि तिथे गायचं असेल तर तोंड उघडावंच लागतं.

दुसरं म्हणजे शांत असणं म्हणजे राग न येणं नव्हे. मी बरीच वर्षं हे करतेय, राग अजूनही येतो. फरक पडला तो मुक्कामात. पूर्वी सकाळी झालेला वाद रात्री अंथरुणावरही डोक्यात चालू असायचा आणि त्यात माझी उत्तरं दर वेळी अधिक धारदार होत जायची! आता तो बहुतेक वेळा दुपारपर्यंत निघून जातो. तुम्ही स्वतःची प्रगती मोजणार असाल तर हे मोजा: चिडलोय हे किती लवकर कळलं आणि पूर्वपदावर यायला किती वेळ लागला.

आता आसनांचं. पतंजलींच्या योगसूत्रांत जवळपास दोनशे सूत्रं आहेत आणि त्यातली आसनावर थेट बोलणारी फक्त ३. त्यातलं पहिलं, 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखकर असतं ते आसन, आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. ते खरोखर करून पाहायचं असेल तर वीरभद्रासनात, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून, हात ताणून उभं राहायच्या आसनात, जरा जास्त वेळ थांबा. मांडी थरथरायला लागते, हात जड होतात आणि मन म्हणतं, बास झालं. त्या क्षणी तुमचा श्वास काय करतोय ते पाहा. बहुतेकांचा थांबलेला असतो. जबडा आवळलेला, कपाळावर आठ्या, भुवया वर. मांडीच्या कामात या कुणाचाच काही उपयोग नाही, तरी सगळे कामाला लागलेले असतात. आता एखादा खोचक ईमेल वाचताना स्वतःकडे पाहा. तोच रोखलेला श्वास, तोच जबडा. आसनात मी मुख्यतः हेच शिकले: ताण आल्यावर माझं शरीर सर्वांत आधी काय करतं. माझा जबडा आवळतो. कुणाचे खांदे वर जातात, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाचे कान तापतात. तुमची खूण कोणती ते सतरंजीवरच शोधा, कारण तिथे कुणी तुमच्यावर ओरडत नसतं. खूण सापडली की ती ऑफिसातही ओळखू येते, आणि शब्द तोंडातून निसटायच्या आधी ओळखू येते.

ओळखल्यावर करायचं काय? श्वास सावकाश सोडायचा, एवढंच. 'दीर्घ श्वास घे' हा सल्ला सगळे देतात, पण चिडलेला माणूस तो ऐकून छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतो. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हलकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरल्यासारखं वाटतं ते वेगळंच. भर उच्छ्वासावर हवा. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना थोडे मंदावतात. मनगटावर बोट ठेवून स्वस्थ बसलात तर कित्येकांना हे जाणवतंही. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नर्व्ह उच्छ्वासात जास्त काम करते, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. ४ मोजेपर्यंत घेतला आणि ६ मोजेपर्यंत सोडला की तो मिनिटाला ६ वर येतो. गंमत म्हणजे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटलीतल्या संशोधकांना असं दिसलं की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणताना, दोन्ही वेळा श्वास साधारण ६ वरच येतो. तुम्हाला आकडे मोजायचा कंटाळा असेल तर एखादा जप किंवा पाठ असलेला श्लोक संथ लयीत म्हणा. काम होतं.

माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे सजगपणे लक्ष देणं, याहून काही वेगळं आहे असं मला वाटत नाही. मुळं बौद्ध ध्यानपरंपरेत. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत ते रुग्णांसाठी आणलं. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात हठयोगाची आसनंही आहेत. त्यामुळे 'योग करू की माइंडफुलनेस' या वादात पडू नका. दिवसातली रोज घडणारी एकच गोष्ट निवडा. फोन वाजला की उचलण्याआधी एक पूर्ण उच्छ्वास. किंवा उत्तर लिहून झालं की पाठवण्याआधी एक उच्छ्वास. सुरुवातीला चार-पाच ठिकाणी लावायला जाल तर एकही टिकणार नाही. ध्यानात मन भटकतं याचीही चिंता नको. भटकलं हे कळून परत येणं हाच तिथला व्यायाम.

एक थोडं अप्रिय बोलते. आपल्या चिडचिडीत बरीचशी मत्सराची जळजळ असते. सहकाऱ्याचं कौतुक झालं आणि नंतर त्याने काही साधं विचारलं तरी ते टोचतं. पतंजलींनी मन प्रसन्न राहण्यासाठी सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा सांगितली आहे. करुणा त्या मानाने सोपी जाते. मला मुदिता सर्वांत अवघड वाटते आणि रोजच्या जगण्यात तिचाच उपयोग जास्त.

उपेक्षेचा अर्थ मात्र अपमान गिळत राहणं असा करू नका. वरिष्ठ रोज पाणउतारा करत असतील तर तो श्वासाने थांबणार नाही. फार तर तुम्ही 'हे मला चालणार नाही' हे आवाज न चढवता सांगू शकाल. ते सांगावं मात्र लागेल.

काही पथ्यं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर कपालभाती, भस्त्रिका हे जोरजोरात श्वास करण्याचे प्रकार करू नका. आणि तसंही हे प्रकार तरतरी आणणारे आहेत, चिडलेल्या माणसाला भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत सावकाश श्वास सोडणं, बरी. डोळे मिटून बसल्यावर जुन्या वाईट आठवणी उसळून येत असतील तर जबरदस्ती करू नका. डोळे उघडे ठेवून सावकाश चाला, लक्ष पावलांवर ठेवा. कित्येक आठवडे झोप लागत नसेल किंवा कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, योग सोबत चालू द्या.

तेव्हा तुमचा अर्धा तास वाढवू नका, उलट २० मिनिटांवर आणा. त्यातली शेवटची ५ शवासनाला द्या, घाईत लोक नेमकं तेच गाळतात. वाचलेली १० मिनिटं दिवसभरात अशीच एकेका उच्छ्वासाने खर्च करा. महिनाभराने काय वाटतंय ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.