सात आठवड्यांचं बाळ, रोज संध्याकाळी रडारड आणि आमची दोघांची भांडणं... पहिलं वर्ष असंच जातं का?

नाही हो, वर्षभर असं राहत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ना, की संध्याकाळी सहा वाजले की बाळ रडायला लागतं ते दहा-अकरापर्यंत थांबत नाही, ॲपमधलं टाइमटेबल लावून बघितलं तर एक दिवसही टिकलं नाही, आणि आता नवऱ्याशी बोलणं म्हणजे नुसती भांडणं उरलीत, हे सगळं अगदी अस्संच आमच्या घरी झालं होतं म्हणून एवढं मोठं उत्तर लिहितोय. मी बाबा आहे, आमची मुलगी आता अडीच वर्षांची आहे. जमलं तर हे तुमच्या नवऱ्यालाही वाचायला द्या, निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले तीन-चार महिने बाळाचं वेळापत्रक बसवायच्या मागे लागू नका, घरातल्या मोठ्या माणसांच्या झोपेचं वेळापत्रक बसवा. बाळाचं बसणारच नाहीये. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण ती झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत असते आणि मधे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं. दिवस कुठला रात्र कुठली हे त्याच्या शरीराला कळायलाच दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे ॲपमधले ते रंगीत चौकोन पाळले जात नाहीत यात तुमचं काहीच चुकत नाहीये, ते डिलीट करून टाका खरंच.

आधी रडण्याबद्दल. १९६२ साली ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. त्यात असं दिसलं की दोन आठवड्यांचं बाळ दिवसाला साधारण पावणेदोन तास रडतं, ते वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमाराला पावणेतीन तासांपर्यंत जातं आणि मग उतरायला लागतं, आणि यातलं बरंचसं रडणं संध्याकाळीच. ही सगळी धडधाकट बाळं होती बरं का. म्हणजे तुम्ही आत्ता बरोबर त्या चढाच्या टोकाशी आहात. मला हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं, कारण तोपर्यंत आम्ही रोज रात्री नवीन कारण शोधत होतो, गॅस झाला असेल, उकडत असेल, कुणाची नजर, कुणाचा मोठा आवाज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरात येणारं प्रत्येक माणूस बायकोला म्हणायचं की दूध पुरत नाही वाटतं. ते ऐकून ती आत जाऊन रडायची. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका प्लीज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होतायत का आणि वजन वाढतंय का एवढं बघा, पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं की पोट भरतंय. तुम्ही लिहिलंय की वजन छान वाढतंय, मग हा विषय संपला, कुणी परत काढला तर तुमच्या नवऱ्याने उत्तर द्यायचं, तुम्ही नाही.

आता झोपेबद्दल, मुख्य तेच आहे. आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिले पाच आठवडे मुलगी रडली की आम्ही दोघंही उठायचो. मला वाटायचं ती एकटी जागी आणि मी झोपलेलो हे बरं दिसत नाही, म्हणून मी पण उठून बाजूला बसायचो, पाणी आणून द्यायचो, पाठीवर हात फिरवायचो. मनापासून करायचो. पण त्याचा हिशोब असा झाला की सकाळी घरात दोन माणसं होती आणि दोन्ही अर्धमेली. मग एक दिवस डायपरच्या पिशवीवरून, म्हणजे पिशवी कोणी बाहेर ठेवायची यावरून, आमचं इतकं जोरात भांडण झालं की मुलगी दचकून उठली. त्याच आठवड्यात लसीला गेलो होतो तर डॉक्टरांनी बाळाबद्दल सगळं विचारून झाल्यावर आम्हाला विचारलं, तुम्ही दोघं सलग किती तास झोपता? आम्ही एकमेकांकडे बघितलं. दीड तास, फार तर दोन. त्या म्हणाल्या मग भांडण होणारच, आधी दोघांना रोज चार-पाच तास सलग मिळतील असं काहीतरी करा, बाकी सगळं नंतर बघू.

तर आम्ही पाळ्या लावल्या. रात्री नऊ ते दोन बायको दुसऱ्या खोलीत झोपायची, दार बंद करून, आणि पोरगी माझ्याकडे. दोन ते सात मी झोपायचो आणि पोरगी तिच्याकडे. सातला मी उठून आवरून कामाला. सुरुवातीला बायकोला दार बंद करणं फार जड गेलं, रडण्याचा आवाज आला की ती उठून यायचीच, मी परत पाठवायचो, तीन-चार रात्री असं झालं आणि पाचव्या रात्री ती खरंच पाच तास झोपली. सकाळी उठली ती वेगळीच बाई होती, मला चहा हवाय का विचारलं, इतके दिवस आम्ही एकमेकांना काही विचारतच नव्हतो.

तुम्ही अंगावर पाजताय म्हणून विचाराल की मग रात्रीच्या दुधाचं काय. आम्ही दोन्ही करून बघितलं. आधी मी फक्त पाजायच्या वेळेला पोरीला तिच्याजवळ न्यायचो, ती आडव्यानेच पाजायची, मी तिथेच जागा बसायचो, आणि पिऊन झालं की लगेच उचलून बाहेर, म्हणजे ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, परत झोपवणं सगळं माझं. यातही फरक पडतो, कारण पाजणं पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि नंतरचं झोपवणं तासभर चालतं. मग सहाव्या आठवड्यापासून ती दिवसा एकदा पंपाने दूध काढून ठेवायची आणि बाराची बाटली मी द्यायचो. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं, गरम करायला मायक्रोवेव्ह नको, बाटली कोमट पाण्यात ठेवायची. एक अडचण येते ती आधीच सांगतो, पाच तासांचं अंतर पडलं की सुरुवातीला छाती दगडासारखी होते आणि दुखते, म्हणून झोपायच्या अगदी आधी पाजून घ्यायचं आणि उठल्या उठल्या परत, आणि गाठ किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवायचं. कुणाला पंप जमतच नाही, तर नाही जमत, पहिली पद्धत चालू ठेवा.

आणि नवरा म्हणेल की मला सकाळी काम असतं. मलाही होतं. पण दिवसभर बाळ सांभाळणं हेही काम आहे आणि त्यात जेवायची सुट्टी पण नसते, हे मला शनिवारी दिवसभर एकट्याने सांभाळल्यावर कळलं.

झोपेचा आणखी एक भाग आहे आणि तो भांडणापेक्षा गंभीर आहे. थकलेला माणूस बाळाला घेऊन सोफ्यावर बसला की नकळत डोळा लागतो आणि सोफ्यावर बाळासोबत झोप लागणं हे फार धोक्याचं, ते फटीत किंवा अंगाखाली अडकू शकतं. मला एकदा तशी डुलकी लागली होती, बायकोने येऊन उचललं, अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हापासून माझ्या पाळीत मी सोफ्यावर बसायचोच नाही, डोळे मिटायला लागले की तिला तिच्या बेडवर ठेवायचो, रडली तरी. उताणं, सपाट घट्ट गादीवर, उशी नाही, जाड पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. माझी आई म्हणायची पालथं झोपवलं की बाळ छान गाढ झोपतं, आम्ही तुला तसंच वाढवलं. तिचं खोटं नव्हतं, पालथं बाळ खरंच जास्त गाढ झोपतं, पण झोपेत अचानक दगावण्याचा धोका त्यात जास्त असतो. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला बाळांना उताणं झोपवा म्हणून मोठ्या मोहिमा झाल्या आणि त्यानंतर असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आईला मी हे शांतपणे बसून सांगितलं, ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही रे. त्यानंतर उलट तीच सगळ्यांना सांगायला लागली.

आणि हे तुमच्या दोघांसाठी, रडणं ऐकून डोकं फिरायला लागलं, हात शिवशिवायला लागले, तर बाळाला त्याच्या बेडवर सुरक्षित ठेवा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडण्याने त्याला काही होत नाही, गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होते. बाळाला ठेवून बाहेर जायला लाज वाटून घेऊ नका, मी गेलोय, बायकोही गेलीय.

भांडणाचं दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे, तुम्ही लिहिलंय "तो मदत करतो पण सांगावं लागतं". हे वाक्य माझ्या बायकोने मला शब्दशः ऐकवलं होतं आणि मला खूप लागलं होतं, कारण मी खरंच खूप करत होतो. पण लक्षात कोण ठेवत होतं? डायपर संपत आले, नखं वाढली, पुढची लस कधी, झबली लहान झाली, हे सगळं तिच्याच डोक्यात चालू असायचं आणि मी फक्त सांगितलेलं करायचो. मग आम्ही कामं अख्खी वाटली, म्हणजे लस माझी तर तारीख लक्षात ठेवण्यापासून ताप येतो त्या रात्री जागण्यापर्यंत सगळं माझं, तिने विचारायचं पण नाही. नखं माझी. आंघोळ माझी. कपडे तिचे. मी दोनदा डायपर संपू दिले, तिने मुद्दाम आठवण केली नाही, तिसऱ्यांदा संपले नाहीत. शेवटचं दूध कधी, शी-शू किती, याची एक वही स्वयंपाकघरात ठेवली होती, पाळी बदलताना झोपलेल्याला उठवून विचारायला नको म्हणून.

पुढचे महिने कसे जातात ते थोडक्यात सांगतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास संध्याकाळचं रडणं खरंच कमी होतं आणि तोपर्यंत बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागलेलं असतं, तो फरक फार मोठा आहे. चौथ्या महिन्यात आम्हाला वाटलं सुटलो, आणि परत दर दोन तासांनी उठणं सुरू झालं. तेव्हा बाळाच्या झोपेची घडणच बदलत असते, मोठ्यांसारखे टप्पे पडायला लागतात आणि प्रत्येक टप्पा संपला की ते जागं होऊ शकतं. आम्ही तोपर्यंत पाळ्या बंद केल्या होत्या, लगेच परत चालू केल्या, काही आठवड्यांनी निवळलं. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, त्याआधी पाणीसुद्धा लागत नाही, आणि मध वर्षभर अजिबात द्यायचा नाही, कुणी बोटावर चाटवायला आलं तरी नाही. मग रांगणं, मग सगळं तोंडात घालणं. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला कळतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, म्हणून तुम्ही बाथरूमला गेलात तरी दारापाशी आकांत करेल. आम्ही तेव्हा न सांगता गुपचूप सटकायचो आणि ती जास्तच चिकटायला लागली. मग सांगून जायला लागलो, आलेच हं म्हणायचं, जायचं, परत यायचं, दिवसातून वीस वेळा. त्याने बरं झालं.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे विनाकारण रडू येणं खूप जणींना होतं आणि आपोआप जातं. पण तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय की "कधी कधी वाटतं माझ्याशिवाय बाळ जास्त सुखी राहील". सात आठवडे झालेत, हे नुसत्या थकव्याचं वाक्य नाही वाटत मला. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की बाळंत झालेल्या साधारण १३ टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि त्याला उपचार आहेत, अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात. माझी बायको चौथ्या महिन्यात झोप मिळत असूनही झोपू शकत नव्हती, मुलगी शांत असली तरी छातीत धडधड, आणि मी ते दोन-तीन आठवडे दमलीय म्हणून सोडून दिलं याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांकडे गेलो, औषधं चालू झाली, दोनेक महिन्यांत ती परत गाणं गुणगुणायला लागली. तुम्ही या आठवड्यातच तुमच्या डॉक्टरांना तुमची ती ओळ जशीच्या तशी वाचून दाखवा, नवऱ्याला सोबत न्या. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार मनात आला तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलावून दवाखान्यात जा.

आणि हो, राहिलंच, तुम्ही तापाबद्दल पण विचारलं होतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर घरी काही देत बसायचं नाही, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी लगेच डॉक्टर. लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, त्याचं काय करायचं ते लस देतानाच विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.