नुसते लेक्चर बघत बसू नको, हातानी करून बघ

हे बघ, तू नवीन आहेस म्हणून सांगतो, बारावी फिजिक्सचे लेक्चर दीडपट स्पीडनी संपवणं सोपंय, मीपण पहिले दोन महिने तेच केलं आणि टेस्टमध्ये साधी सर्किटची गणितं सुटेनात. मग फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः करून बघायचे प्रयोग, सापडली, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा 2002 पासूनचा प्रोजेक्ट आहे, फुकट आहेत आणि बरीचशी मराठीतपण आहेत. त्यातलं सर्किटवालं उघड, बॅटरी, वायर, स्विच आणि दोन बल्ब घे, आधी सिरीजमध्ये जोड मग पॅरललमध्ये, आणि प्रत्येक वेळी बल्ब किती उजळेल ते आधी वहीत लिही, मगच स्विच दाब. हे लिहिणं अजिबात टाळू नको, माझा अंदाज जिथे जिथे चुकला तेच कन्सेप्ट मला आजपण पक्के लक्षात आहेत. ग्राफसाठी जिओजेब्रा (GeoGebra) हे ॲप घे, स्लायडर ओढून एक्स वर्गाचा सहगुणक धनचा ऋण केला की पॅराबोला डोळ्यांसमोर उलटा होतो. नेटचा प्रॉब्लेम असेल तर फेटची फाइल डाउनलोड करून ठेव, ऑफलाइन चालते. आणि एआयला डायरेक्ट उत्तर मागू नको रे, आधी स्वतः सोडव, मग कुठली स्टेप चुकली एवढंच विचार, तेही पुस्तकाशी ताडून बघ कारण तो चुकीचंपण अगदी ठामपणे सांगतो.