हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसा गाडीचं इंजिन पुढून काढून मागच्या सीटच्या जागी बसवता येईल का?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत चांगले फॅब्रिकेटर आहेत, त्यामुळे होईल. पण खरं काम इंजिन हलवण्याचं नाहीच. कॉन्टेसाचा गिअरबॉक्स इंजिनामागे, तिथून ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल. इंजिन मधे आणलं की शाफ्टला जागाच उरत नाही. मग ट्रान्सअ‍ॅक्सल हवा, म्हणजे गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल एकाच खोक्यात. तो आला की मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलंच. त्यात ही गाडी मोनोकॉक. वेगळी चासी नाही, फ्लोअर कापला की ताकदच गेली. आधी ट्यूबची सबफ्रेम, म्हणजे आधाराचा सांगाडा करा, मगच कटर लावा.

रेडिएटर पुढेच ठेवा, पाइप लांब न्या आणि हवा बाहेर काढायला नळीच्या सगळ्यात उंच जागी ब्लीड स्क्रू द्या. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तापमान चाळिशी ओलांडतं, तिथे हे टाळू नकाच. वजन मागे सरकल्यावर ब्रेकचा पुढचा-मागचा तोलही नव्याने लावावा लागेल.

शेव्हरोलेने १९५३ पासून पुढे असलेलं कॉर्वेट या स्पोर्ट्स कारचं इंजिन २०२० च्या मॉडेलमध्ये मधे आणलं, तेव्हा अख्खी गाडी नव्याने बनवली.

आणि रस्त्यावर? गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. ट्रॅकसाठीच करायची असेल तर जरूर करा.