हॅम्बुर्गला निघालेल्या मुलुंडच्या मुलीला

तू विचारलंयस, ‘ताई, हॅम्बुर्गच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे. पण गेल्या वर्षी पवईची नोकरी गेली तेव्हा मी दोन महिने घराबाहेर पडले नव्हते. अशी मी तिथे टिकेन का? मनाने खंबीर व्हायला जाण्याआधी काय करू?’ आधी तू एकटी जाणार, नवरा आणि चार वर्षांचा मुलगा सहा महिन्यांनी येणार आणि आई-बाबा मुलुंडला दोघंच राहणार, हेही लिहिलंयस. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. सध्या मी सुट्टीवर परळला आईकडे आले आहे. ती दुपारची पडली आहे, तोवर निवांत उत्तर देते.

टिकशील. पण ‘आधी खंबीर होते, मग जाते’ असा बेत करू नकोस. खंबीरपणाबद्दल माझीही समजूत कित्येक वर्षं चुकीची होती आणि ती चूक मला महाग पडली, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या संपात उतरले, आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा कामावर कधीच घेतलं नाही. वडील त्यांतलेच. त्यांनी आधी रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम केलं, मग भायखळ्याच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याचे हिशेब लिहिले, शेवटी एका बाइंडिंगच्या कारखान्यात स्थिरावले. अख्खी चाळ म्हणायची, खमक्या माणूस आहे. मलाही तसंच वाटायचं, आणि मी त्यांचीच मुलगी म्हणून माझ्यातही तो खमकेपणा आपोआप असणार असं मी धरून चालले होते.

चाळीत दर गुरुवारी भजन असायचं. साडेआठपर्यंत वडील खाली दिसले नाहीत, की पखवाज वाजवणारे काका दोन जिने चढून वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, ‘काय रे, बरं नाही का?’ संपाच्या दिवसांत कित्येकदा वडिलांना खाली जायचं नसायचं. काका आत येऊन बसायचे, आई चहा टाकायची, आणि मग दोघं मिळून खाली उतरायचे. वाणी वहीवर उधार द्यायचा. बायकांची भिशी होती आणि त्यात आईचा नंबर न मागता आधी लावला गेला. लहानपणी मला यातलं काहीच विशेष वाटलं नाही. २६ जुलै २००५ ला मी कामासाठी सहार विमानतळाच्या कार्गोला गेले होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कमरेएवढ्या पाण्यातून चालत परळला आले तेव्हा सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे. प्रत्यक्षात कुर्ल्याला अनोळखी बायकांनी दोर धरून मला रस्ता पार करवला होता आणि सायनला एका घरात सुके कपडे आणि चहा मिळाला होता. तेही मी तेव्हा हिशेबात धरलं नाही.

२०१३ च्या नोव्हेंबरात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही हॅम्बुर्गला गेलो. बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये माझी चौदा वर्षं झाली होती, आणि हॅम्बुर्ग तर बंदराचं शहर, मला काम मिळायला किती वेळ लागणार! नवऱ्याकडे ब्लू कार्ड होतं, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांना मिळणारा परवाना. त्याच्या जोडीदाराला तिथे कामाची पूर्ण मुभा असते, त्यामुळे कागदाची अडचण नव्हती. अडचण भाषेची होती. साठ-सत्तर अर्ज केले, बहुतेकांची पोचसुद्धा आली नाही. डिसेंबरात तिथे सकाळी साडेआठला उजाडतं आणि चारला अंधार पडतो. त्या चार महिन्यांत मला नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, माझा नवरा. बाकी कुणाला माझं नाव ठाऊकच नव्हतं. मी दुपारी बारापर्यंत अंथरुणात असायची. मला वाटलं, मी वडिलांवर गेलेच नाही, मी मुळात दुबळी आहे.

तुझे ते दोन महिने वाचताना मला हेच आठवलं. तू तेव्हा मुंबईतच होतीस, पण ऑफिस सुटलं आणि त्याबरोबर लोकलचा ग्रुप, डब्याची वेळ, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळं एका दिवसात सुटलं असणार. तुझी वाट बघणारं ठिकाणच उरलं नाही. मग घराबाहेर पडून जायचं तरी कुठे?

मला बाहेर काढलं ते एका गायकवृंदाने. जर्मनीत गाण्यापासून नौकानयनापर्यंत कशाचंही मंडळ असतं, त्याला ‘फेराइन’ म्हणतात. वर्गणी बेताची असते आणि भाषा मोडकीतोडकी आली तरी चालते. जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी मला आमच्या वस्तीतल्या फेराइनमध्ये नेलं. दर सोमवारी संध्याकाळी दोन तास. शब्दांचे अर्थ कळत नव्हते, पण आवाज मिसळत होता. मार्चमध्ये मी लागोपाठ दोन सोमवार गेले नाही. तिसऱ्या दिवशी सत्तरीच्या एका बाईंचा फोन आला. त्या सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, तुझी खुर्ची रिकामी होती, आजारी आहेस का? फोन ठेवला आणि मी खूप रडले. पखवाजवाले काका आठवले. वडिलांना कोण धरून होतं, ते मला त्या दिवशी, साडेसहा हजार किलोमीटरवर, कळलं.

नंतर एका समुपदेशकांकडून मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांच्या कामाबद्दल कळलं. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचे आजार अशा घरांतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठी होऊन नीट मार्गी लागली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांच्यावर जीव असलेलं निदान एक भरवशाचं मोठं माणूस, मग ते आजी असो, शिक्षक असो की शेजारी. स्वभावाचाही वाटा असतो, वर्नर यांनी तोही नोंदवला आहे. पण स्वभाव तू विमानात बसण्याआधी बदलू शकणार नाहीस. माणसं मात्र जोडता येतात.

म्हणून पहिल्या महिन्यातच ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी जायचं एक ठिकाण शोध. जिम नको, तिथे तू आलीस काय आणि नाही काय, कुणाला फरक पडत नाही. गैरहजेरी लक्षात येईल अशी जागा हवी. मराठी मंडळातही जरूर जा, गणपतीत मोदक वळताना अर्धा शीण जातो. पण फक्त तिथेच अडकू नकोस. आपल्या माणसांत ऊब मिळते, पण त्या शहरात घर कुठे मिळेल, चांगला डॉक्टर कोण, कुठे जागा निघाली आहे, हे बहुतेक वेळा तिथली माणसं सांगतात.

सहा महिन्यांचा बेत कुठून आला ते मला माहीत आहे. जर्मन नोकरीत पहिले सहा महिने बहुधा ‘प्रोबेत्साइट’, म्हणजे परीक्षेचा काळ. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवता येते. तो काळ संपल्यावर कुटुंब आणावं, हा हिशेब तसा बरोबर आहे. तरी माझं मत विचारशील तर चार वर्षांच्या मुलापासून सहा महिने फार होतात, त्याच्यासाठी आणि तुझ्यासाठीही. घर मिळालं की बोलावून घे. घर मिळायला मात्र वेळ लागतो. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागू शकतात आणि कित्येक घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो, तो आपण बसवायचा. बालवाडीसाठी इथे असतानाच अर्ज कर, जागा मिळायला महिने जातात. हॅम्बुर्गमध्ये रोज पाच तासांची बालवाडी जेवणासकट मोफत आहे, हा मोठा आधार आहे.

आता नोकरी जाण्याबद्दल, कारण तुझ्या मनातली खरी भीती तीच आहे. माझीही गेली. दीड वर्ष जर्मन शिकून मी एका मालवाहतुकीच्या कंपनीत लागले होते, इथल्यापेक्षा तीन पायऱ्या खालच्या जागेवर. २०२० मध्ये तिथे कपात झाली. त्या दिवशी घरी येताना पाय कापत होते, पण या वेळी मी अंथरूण धरलं नाही. एक तर तो सोमवार होता. आणि दुसरं म्हणजे पुढे काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं. ते तूही आत्ताच जाणून घे. भीती निम्मी होते. नोकरीवरून काढल्याचं पत्र तिथे कागदावर, सहीनिशीच द्यावं लागतं, ईमेल कायद्याने चालत नाही. त्याला आव्हान द्यायचं तर कामगार न्यायालयात तीन आठवड्यांच्या आत जावं लागतं. ‘आपसांत मिटवू’ म्हणून करार पुढे केला, तर त्याच बैठकीत सही करू नकोस. सही केलीस तर बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडकू शकतो. आणि नोटिशीचा काळ तीन महिन्यांपेक्षा कमी असेल, तर कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदव. मागच्या तीस महिन्यांत बारा महिने बेकारी विम्याची वर्गणी भरलेली असेल, तर हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. तुझं पहिलं वर्ष मात्र यात बसणार नाही. त्यासाठी निदान चार महिन्यांचा खर्च वेगळा ठेव. शिवाय तुझा तिथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असेल, तेव्हा नोकरी गेली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लगेच कळवायचं, लपवायचं नाही.

कामाच्या जागी एक गोष्ट सुरुवातीला फार लागेल. तिथे ‘हे चूक आहे’ असं तोंडावर, सगळ्यांसमोर सांगतात. ‘बघ हं, जरा असं केलं तर’ ही आपली प्रस्तावना नसते. गेल्या वर्षीची जखम ताजी असताना ते ऐकलं की वाटतं, झालं, आता काढणार. त्यांनी फक्त काम तपासलेलं असतं. मला हे कळायला वर्ष लागलं आणि त्यानंतर मी इथल्या चौदा वर्षांपेक्षा जास्त भराभर शिकले, कारण नक्की काय चुकलं ते रोजच्या रोज कळत होतं. खालच्या पायरीवर बसायचीही लाज बाळगू नकोस. वडील हिशेब लिहायला लागले तेव्हा त्यांनी साचेवाला असल्याचा अभिमान सोडला नव्हता, फक्त हातातलं काम बदललं होतं.

निघायच्या आधी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात नाव घाल. ऑफिस इंग्रजीत चालणार असलं तरी शेजारीण, डॉक्टर आणि बालवाडीची बाई जर्मनमध्येच बोलणार. बी-वनपर्यंत, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीपर्यंत पोचलीस तर ब्लू कार्डावर कायमचा परवानाही २७ ऐवजी २१ महिन्यांत मिळू शकतो.

आणि ते दोन महिने पुन्हा एकदा नीट बघ. झोप, भूक, रडू, नको नको ते विचार यांतलं काही तेव्हा होतं का, किंवा आत्ताही आहे का? असेल तर जाण्याआधी इथेच समुपदेशकांना भेट. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे गेल्यावर मानसोपचारासाठी कित्येक महिने थांबावं लागतं, आणि मनातलं परक्या भाषेत सांगणं किती जड जातं हे मी अनुभवलं आहे. इथे सुरू कर आणि पुढे ऑनलाइन चालू ठेवता येईल का, ते त्यांना आधीच विचार. हिवाळ्यात रोज दुपारी अर्धा तास उजेडात चाल, पाऊस असला तरी.

आई-बाबांचं दुखणं संपत नाही, खोटं कशाला सांगू. वडील गेले तेव्हा मी विमानात होते. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना घेणाऱ्या कुशल कामगारांना आई-वडिलांना तिकडे नेण्याची वाट कायद्याने उघडली आहे, पण त्यांच्या आरोग्य विम्याची अट पुरी करणं अवघड असतं, शिवाय त्यांना मुलुंड सोडायचं आहे का हेही विचारायला हवं. त्यापेक्षा आधी घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दे. फॅमिली डॉक्टरांचा नंबर भावंडं, शेजारी आणि तू, सगळ्यांकडे असू दे. बँकेत त्यांच्या खात्यावर दुसरं नाव लावून घे, आणि तुझं स्वतःचं खातं अनिवासी म्हणून बदलून घे. फोनची वेळ ठरव. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीनचा. मी ऑफिसला जाताना सकाळी आठला बोलते, तेव्हा आई जेवणाची तयारी करत असते. ती काहीच विशेष सांगत नाही, भाजी काय आणली तेवढंच सांगते, आणि मला तेवढंच हवं असतं.

आई उठली, चहाचं आधण ठेवलंय. मी येत्या रविवारपर्यंत परळलाच आहे. शनिवारी सकाळी आलीस तर सावकाश बोलता येईल. येताना ऑफर लेटर आण, त्यातली नोटिशीची आणि प्रोबेत्साइटची कलमं आपण दोघी मिळून वाचू. मुलालाही घेऊन ये, आई त्याच्यासाठी शिरा करेल.