किळस हाताळायची असते

पोरी,

तुझ्या शिल्पाचे फोटो पाहिले. भातुकलीच्या पितळी कढईत मेलेली घूस, शेपटीला लाल रिबिनीचं फूल. तुझे सर म्हणतात फायबरमध्ये ओत आणि ब्रॉन्झ फिनिश दे. मैत्रीण म्हणते अजून रक्त दाखव. कोणाचं ऐकू, असं मला विचारतेस? अगं, कोणाचंच नको! एकाला ती घूस झाकायचीय, दुसरीला मिरवायचीय. तिला हात मात्र दोघांनाही लावायचा नाही. किळस हाताळायची असते.

फ्रान्समध्ये जन्मलेली शिल्पकार लुईझ बुर्ज्वा, तिचा बाप जेवणाच्या टेबलावर बढाया मारायचा. घरात मुलांना शिकवायला ठेवलेल्या बाईशीच त्याचं लफडं. ही पोर पावाच्या लगद्यात थुंकी मिसळून त्याची बाहुली करायची आणि सुरीनं एकेक हातपाय कापायची. हेच आपलं पहिलं शिल्प, असं ती पुढे सांगे. तिचा नवरा वारला १९७३ मध्ये. पुढच्याच वर्षी, साठी उलटल्यावर, तिनं ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द फादर’ केलं. खाटकाकडून मेंढीचे खांदे, कोंबडीच्या तंगड्या आणल्या, त्यांचे साचे घेतले, लेटेक्स म्हणजे रबराचा चीक ओतला, गुहेसारख्या पोकळीत तांबड्या उजेडात मांडलं. पोरांनी बापालाच खाऊन टाकलंय, असा तो पानावरचा पसारा. बघताना पोटात ढवळतं, कारण ते मांस आधी तिच्या हातांतून गेलंय.

आपल्याकडच्या चित्र-शिल्पकार अनिता दुबेंनी १९९७ मध्ये खऱ्या माणसाच्या हाडांवर लाल मखमल चढवली, मणी लावले, लेस लावली. नवरी सजवतात तशी हाडं सजवली. पुन्हा तेच. हाताळली.

मी जन्मभर चौकातले पुतळे केले म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मुरडू देत. फाउंड्रीवाला उधारी ठेवत नाही. एका साहेबांची दुहेरी हनुवटी मी शाडूत मन लावून केली होती, समितीनं उतरवायला लावली. उतरवली. पण आधी बोटांनी केली होती ना!

आणि तू? खरी घूस जवळून पाहिलीस तरी का? तिचे पुढचे दात पिवळट-नारिंगी असतात, तू पांढरेशुभ्र दिलेस. सोसायटीच्या गटारापाशी सापडेल. मात्र हातमोजे घाल, लेप्टोचे, उंदीर-घुशींपासून होणाऱ्या तापाचे, दिवस आहेत.

लेटेक्स टिकत नाही म्हणतात सर. खरंय, तपकिरी पडतं, कडक होतं, भेगाळतं. मेलेल्या घुशीनं टिकलंच पाहिजे, हा हट्ट कसला? पातळ थर दे, एक सुकल्याशिवाय दुसरा नको, खिडक्या उघड्या ठेव, अमोनियानं डोळे चुरचुरतात. पोटात कापूस भरलायस तो आधी उसव. त्याच्या जागी काय भरू, हे मला फोन करून विचारायचं नाही.